पॅरिसची चिमणी

एदित पियाफ यांच्या ध्वनिमुद्रिका आपल्यापैकी काही भगिनींनी ऐकल्या असतील. मला फ्रेंच येत नाही. तरी त्यांची तबकडी लागली की हातातले काम थांबते.

१९१५ साली पॅरिसमध्ये त्यांचा जन्म झाला. वडील रस्त्यावर कसरती करीत, आई गात असे. पण आईची माया काही या मुलीला लाभली नाही. पोटासाठी रस्त्यावर गात असता १९३५ साली एका रंजनगृहाच्या चालकाने त्यांना हेरले. बाई अंगाने एवढ्याशा, म्हणून नाव दिले पियाफ, म्हणजे पॅरिसच्या बोलीत चिमणी. त्याच वर्षी त्यांची दोन वर्षांची लेक मेंदूच्या दुखण्याने गेली, आणि त्याच वर्षी पहिले ध्वनिमुद्रणही झाले.

पुढे अठ्ठावीस वर्षे ध्वनिमुद्रण चालूच राहिले. या गाण्यांमागे आणखी एक स्त्री होती, आणि तिच्याविषयी मला मुद्दाम सांगावेसे वाटते. मार्गरीत मोनो. शास्त्रीय पियानोवादनात मुरलेल्या या बाईंनी पियाफ यांच्या कितीतरी गाण्यांना चाली दिल्या. प्रेमाचे ते सुप्रसिद्ध स्तोत्रही त्यांचेच. शब्द मात्र स्वतः पियाफ यांचे. ऑक्टोबर १९४९ मध्ये प्रियकर, मुष्टियोद्धे मार्सेल सेर्दां, विमान-अपघातात गेले. त्या रात्रीही न्यूयॉर्कला बाई रंगमंचावर उभ्या राहिल्या. ते गीत या शोकातून लिहिले असे पुष्कळांना वाटते. वास्तविक ते अपघातापूर्वीचे होते. ध्वनिमुद्रण मात्र १९५० साली झाले, आणि ऐकणाऱ्याला दोन्ही वेगळे करता येत नाहीत.

१९६० साली शार्ल द्युमाँ हे तरुण संगीतकार आले. कशाचाही पश्चात्ताप नाही असे सांगणारे त्यांचे गाणे जगभर गाजले. त्याच सुमारास ऑलिंपिया रंगमंदिरातील कार्यक्रमातून मोनोबाईंची बरीच गाणी गळाली. इतक्या वर्षांच्या सोबतिणीशी असे वागणे मला तरी रुचत नाही. ऑक्टोबर १९६१ मध्ये मोनोबाई वारल्या. ते गाणे ऐकताना मला नेहमी त्यांची आठवण होते.

आजाराने खंगलेल्या पियाफ यांनी एप्रिल १९६३ मध्ये शेवटचे गाणे ध्वनिमुद्रित केले आणि ऑक्टोबरमध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी, देह ठेवला. धर्मपीठाने अंत्यविधीची प्रार्थना नाकारली, तरी पॅरिसचे रस्ते माणसांनी फुलून गेले. पेर लाशेज दफनभूमीत, त्यांच्याच थडग्यात, ती चिमुकली लेकही आहे.