विश्लेषण : गोलेम घडवणारे रब्बी गुप्तहेर कसे झाले? प्रागच्या महाराल यांची गोष्ट...

मातीचा पुतळा, त्याच्या तोंडात देवाचे नाव लिहिलेली चिठ्ठी आणि रात्रीच्या गल्ल्यांतून गुन्हेगाराचा माग. जादू आणि पोलीस तपास यांची सांगड घालणाऱ्या रहस्यकथांमध्ये गोलेम हे पात्र वारंवार भेटते. त्याच्याशी कायमचे जोडले गेलेले नाव म्हणजे प्राग शहरातील १६ व्या शतकातले ज्यू धर्मगुरू महाराल. पण त्यांनी लिहिलेल्या ग्रंथांत असा पुतळा घडवल्याचा उल्लेखच नाही. मग ही कथा आली कुठून?

महाराल कोण होते?

त्यांचे नाव यहूदा लोएव बेन बेझालेल. ‘आमचे गुरू रब्बी लोएव’ या अर्थाच्या हिब्रू शब्दांच्या आद्याक्षरांतून महाराल हे नाव तयार झाले. १५५३ ते १५७३ अशी वीस वर्षे ते मोराव्हिया प्रांताचे प्रमुख रब्बी होते. हा भाग आज चेक प्रजासत्ताकात आहे. १५७३ मध्ये ते प्रागला आले आणि तिथे त्यांनी पाठशाळा सुरू केली. लहान मुलांना शब्दांचा कीस काढणारे वादविवाद शिकवणे त्यांना मान्य नव्हते. आधी हिब्रू बायबल, मग मिश्ना हा धर्मनियमांचा संग्रह आणि त्यानंतरच तालमूद, असा वयानुसार क्रम त्यांनी सुचवला. धर्म आणि खगोलशास्त्र यांची क्षेत्रे वेगळी आहेत, पण विज्ञान शिकायला हरकत नाही, अशी त्यांची भूमिका होती. टायको ब्राहेच्या वेधशाळेला भेट देणारे ज्यू खगोलअभ्यासक डेव्हिड गान्स हे त्यांच्याच वर्तुळातले.

प्रागचे मुख्य रब्बीपद मात्र त्यांना सहज मिळाले नाही. दोन वेळा ते पोलंडमधील पोझनानला गेले. उतारवयात, १५९७ च्या सुमारास प्रागला परतल्यावर ते या पदावर आले. १६०९ मध्ये त्यांचे निधन झाले.

सम्राटाशी भेट का गाजली?

किमया आणि ज्योतिषाचा नाद असलेला सम्राट दुसरा रुडॉल्फ तेव्हा प्रागमध्येच राहत होता. फेब्रुवारी १५९२ मध्ये त्याने महाराल यांना भेटीला बोलावले. ज्यूंना वेगळ्या वस्तीत राहावे लागे, त्या काळातली ही भेट. गान्स यांनी तिची नोंद केली, पण तिथे काय बोलणे झाले ते उघड झाले नाही. ही रिकामी जागा पुढे लोककथांनी भरली.

गोलेम म्हणजे काय?

हिब्रूत या शब्दाचा अर्थ आकार न आलेला गोळा. रावा नावाच्या विद्वानाने माणूस घडवला, पण त्याला बोलता येईना, म्हणून त्याला पुन्हा मातीत मिळवले गेले, अशी कथा तालमूदमध्ये आहे. हिब्रू अक्षरांच्या जुळणीतून विश्व निर्माण झाले, असे ‘सेफर येत्झिरा’ हा गूढवादाचा प्राचीन ग्रंथ मानतो. अक्षरे योग्य क्रमाने लावली की मातीत जीव येतो, ही कल्पना त्यातूनच रुजली. पुतळा दिलेली आज्ञा अक्षरशः पाळतो, स्वतःचे डोके चालवत नाही. आजच्या भाषेत, जेवढा कोड लिहिला तेवढेच काम.

गोलेमची कथा आधी पोलंडमधील हेल्म गावच्या रब्बी एलिया यांच्या नावाने सांगितली जाई. ती महाराल यांच्या नावावर छापली गेली ती १९ व्या शतकात, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर २०० हून अधिक वर्षांनी.

मग त्यात तपास कुठून आला?

१९०९ मध्ये पोलंडमधील रब्बी युडल रोझेनबर्ग यांनी एक पुस्तक छापले. महाराल यांच्या जावयाचे जुने हस्तलिखित सापडल्याचा त्यांचा दावा होता. प्रत्यक्षात मजकूर त्यांचाच होता. त्यांचा गोलेम रात्री वस्तीत गस्त घालतो आणि ज्यूंच्या घरात मृतदेह लपवून त्यांना अडकवू पाहणाऱ्यांना पकडतो. रब्बी पुरावे जुळवतात, न्यायालयात आरोप खोटे पाडतात. आर्थर कॉनन डॉयल यांच्या एका कथेवरून रोझेनबर्ग यांनी पुढे आणखी एक पुस्तक रचले. त्यात महाराल चोरीचा छडा लावायला थेट लंडनला जातात.

ही कथा लोकांना का हवी होती?

ज्यू लोक सणाच्या भाकरीसाठी ख्रिस्ती मुलांचे रक्त वापरतात, हा आळ युरोपात शतकानुशतके घेतला जात होता. त्यातून माणसे मारली गेली, वस्त्या लुटल्या गेल्या. रोझेनबर्ग लिहीत होते तेव्हाही हा इतिहास झालेला नव्हता. १८९९ मध्ये बोहेमियात लिओपोल्ड हिल्सनर या ज्यू तरुणाला अशाच वातावरणात खुनासाठी दोषी ठरवले गेले. १९११ मध्ये कीव्हमध्ये मेंडेल बेलिस यांना अटक झाली आणि निर्दोष सुटायला १९१३ उजाडले. ज्या समाजाला पोलीस आणि न्यायालयाकडून सरळ तपासाची खात्री नव्हती, त्याने आपला तपास अधिकारी मातीतून घडवला.

आज गोलेम कुठे आहे?

टेरी प्रॅचेट यांच्या १९९६ च्या ‘फीट ऑफ क्ले’ कादंबरीत खुनाच्या तपासात गोलेम अडकतात आणि शेवटी त्यांच्यातलाच एक पोलिसात भरती होतो. मायकल शेबॉन यांच्या ‘द यिडिश पोलिसमन्स युनियन’मध्ये (२००७) खुनाचा तपास मसीहाच्या श्रद्धेपर्यंत पोहोचतो.

दंतकथेनुसार खऱ्या गोलेमचे अवशेष प्रागच्या जुन्या-नव्या सिनेगॉगच्या माळ्यावर आहेत. गेल्या शतकात पत्रकार एगॉन एर्विन किश त्या माळ्यावर चढून आले. त्यांना गोलेम सापडला नाही. महाराल यांची कबर मात्र तिथून जवळच, जुन्या ज्यू दफनभूमीत आहे. पत्नी पर्ल यांच्यासोबत ते तिथे विसावले आहेत. आजही लोक त्या कबरीवर खडे ठेवतात आणि मनातली इच्छा चिठ्ठीवर लिहून जातात.