माधव महाराजांची आगगाडी

मी रेल मिलमधून निवृत्त झालो. तिथे आयुष्य काढलेल्या माणसाची एक खोड असते. कुठेही रूळ दिसला की त्याच्या अंगावर उमटलेली अक्षरे आधी वाचायची. काही वर्षांपूर्वी भाच्याच्या लग्नाला ग्वाल्हेरला गेलो, तेव्हा जयविलास राजवाड्यात मात्र मला असे रूळ दिसले, ज्यांवर वाचण्यासारखे काहीच नव्हते. ते जेवणाच्या टेबलावर होते! त्यावरून धावणारी चांदीची चिमुकली गाडी पाहुण्यांना मद्य आणि चिरूट पुरवीत असे. ही गाडी माधवराव शिंदे महाराजांची. घरापासून दूर येऊन वसलेल्या आपल्यासारख्या मराठी माणसांना त्यांची आठवण असावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

माधवरावांचा जन्म 1876 चा. 1886 मध्ये, वयाची दहा वर्षे पुरी होण्याआधीच ते गादीवर आले आणि 1894 मध्ये पूर्ण अधिकार मिळाले. लगेच ग्वाल्हेरचे वाहतूक दल इंग्रजांच्या मदतीला निघाले. 1895 मध्ये ते चित्राळला गेले आणि 1897-98 च्या हिवाळ्यात तिराहच्या डोंगरांत.

मग 1900 मध्ये चीनमध्ये बॉक्सरांचा उठाव झाला. त्याविरुद्ध इंग्रज, रशियन, जपानी, जर्मन, फ्रेंच अशा आठ राष्ट्रांच्या फौजा एकत्र उतरल्या. बॉक्सरांनी पेकिंग-तिन्त्सिन मार्गाचे रूळ उखडले होते. हिवाळ्यात ताकूचा समुद्र गोठतो. मग रसद येणार कशी? न गोठणाऱ्या बंदरापासून रेल्वेनेच! म्हणून तो मार्ग दुरुस्त करून चालवणे हे लढाईइतकेच मोठे काम ठरले. रशियन आणि इंग्रज लष्करांत त्या मार्गाच्या ताब्यावरून कुरबुरीही झाल्या. त्याच रशियाच्या माणसांबरोबर अर्ध्या शतकानंतर आपण इथे भिलाईत कारखाना उभारला, ही काळाची गंमत!

महाराजांनी या मोहिमेसाठी रूळ नव्हे, तर स्वखर्चाने ‘ग्वाल्हेर’ हे रुग्णालय-जहाज दिले आणि स्वतः जनरल गॅसेली यांच्या दिमतीला चीनला गेले. पानिपतानंतर उत्तरेत मराठ्यांचा दबदबा पुन्हा बसवणाऱ्या महादजींच्या गादीचा वारस परक्या सेनापतीचा हुजऱ्या अधिकारी व्हावा, हे मला आजही खुपते. ते झाकण्यात अर्थ नाही.

पण त्याच माणसाने आपल्या मुलखात अरुंद मापाची रेल्वे घातली. 1899 पासून ती भिंड आणि शिवपुरीकडे धावू लागली, 1909 पर्यंत श्योपूरला पोचली. सुमारे 200 किलोमीटरच्या त्या श्योपूर मार्गावर गोरगरीब 2020 पर्यंत प्रवास करीत होते. आता तिथे मोठ्या मापाचे रूळ पडत आहेत.

पहिल्या महायुद्धात महाराजांनी आणखी एक रुग्णालय-जहाज दिले. नाव ‘लॉयल्टी’, म्हणजे राजनिष्ठा! पण युद्ध संपल्यावर सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांनी तेच विकत घेतले, आपल्या कंपनीला सिंदिया हे नाव दिले आणि 5 एप्रिल 1919 रोजी ते मुंबईहून लंडनकडे हाकारले. गोऱ्या कंपन्यांच्या मक्तेदारीला ते आव्हान होते. म्हणून हा दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन आहे.

महाराज 1925 मध्ये पॅरिसला वारले. छत्री शिवपुरीत आहे. ग्वाल्हेरला गेलात तर चांदीची गाडी जरूर पाहा, पण श्योपूरचे रूळही पाहून या. आणि हो, नव्या रुळांवरची अक्षरे वाचायला विसरू नका. कदाचित आपल्याच गावचे नाव भेटेल.

गणपती बाप्पा मोरया!