प्रा. शंकर पुरुषोत्तम आघारकर

पुण्यातील आघारकर संशोधन संस्था ज्या रस्त्यावर आहे, त्या रस्त्यास थोर सुधारक गोपाळ गणेश आगरकर यांचे नाव दिलेले आहे. नावांतील या साम्यामुळे संस्था व रस्ता एकाच पुरुषाच्या स्मरणार्थ असावेत, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः या दोन व्यक्ती अगदी भिन्न. आगरकर सर्वांस ठाऊक आहेत. आघारकर मात्र शास्त्राच्या विद्यार्थ्यांपलीकडे फारसे कोणास ठाऊक नाहीत. म्हणून त्यांचे चरित्र येथे थोडक्यात देत आहे.

शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी कोकणात मालवण येथे झाला. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस खाड्या, आणि भरती-ओहोटीच्या मधल्या चिखलात उभी असलेली खारफुटीची झाडे, असा तो मुलूख आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १९०९ मध्ये ते सृष्टिशास्त्र घेऊन एम. ए. झाले व तेथेच जीवशास्त्र शिकवू लागले. अध्यापक झाल्यावर वर्गातील टिपणांवर समाधान मानणे त्यांस सहज शक्य होते. परंतु सवड मिळताच ते सह्याद्रीच्या खोऱ्यांत जाऊन तेथील वनस्पती व प्राणी गोळा करीत.

अशाच भ्रमंतीत सातारा जिल्ह्यातील कृष्णेच्या उपनद्यांमध्ये त्यांस एक विलक्षण जीव आढळला. पारदर्शक, लहानशा नाण्याएवढा, उघडझाप करीत पोहणारा असा तो गोड्या पाण्यातील जेलीफिश होता. जेलीफिश हा बहुतांशी समुद्राचा रहिवासी. त्यातून या जातीचे जवळचे आप्त तोपर्यंत केवळ आफ्रिकेत, टांगानिका सरोवरासारख्या ठिकाणी, सापडले होते. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधील प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अॅनन्डेल यांनी १९११ मध्ये या जीवाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध करून त्यास ‘लिम्नोक्नायडा इंडिका’ असे नाव दिले. पुढच्याच वर्षी आघारकरांनी त्याच संग्रहालयातील ग्रेव्हली यांच्यासह या प्राण्याच्या सवयींवर लेख लिहिला.

हे काम दिसते तितके सोपे नव्हते. हा जेलीफिश बारमाही दिसत नाही. उन्हाळ्यात ओढे आटून त्यांचे संथ डोह उरले म्हणजे तो दिसू लागतो आणि पावसाळ्याचा पहिला लोंढा आला की नाहीसा होतो. आपल्या औराद तालुक्यातून मांजरा नदी वाहते. उन्हाळ्यातील डोह आणि पावसाळ्यातील गढूळ पूर यांतील अंतर आपल्या मुलांस सांगावे लागत नाही. त्याच अंतराच्या मधल्या थोड्या आठवड्यांत त्या प्राण्याचा शोध घ्यावा लागे. योग्य जागी योग्य ऋतूत पुनःपुन्हा गेल्यावाचून असा शोध लागत नाही. मला स्वतःला या शोधातील नशिबाच्या भागापेक्षा या येरझाऱ्यांचे महत्त्व अधिक वाटते.

याच सुमारास, १९१३ मध्ये, रासबिहारी घोष यांनी कलकत्ता विद्यापीठास दहा लक्ष रुपये दिले. त्यांतून निघालेल्या प्राध्यापकपदांवर भारतीयांचीच नेमणूक व्हावी, असा त्यांचा दंडक होता. वनस्पतिशास्त्राच्या पदासाठी आघारकरांची निवड झाली आणि उच्च अध्ययनाकरिता ते जर्मनीस गेले. तोच १९१४ मध्ये महायुद्ध पेटले. ब्रिटिश प्रजाजन म्हणजे शत्रुराष्ट्राचा माणूस, या न्यायाने त्यांस तेथे बंदिवास घडला. तिशीचा ऐन उमेदीचा काळ, हाती आलेले पद हजारो मैलांवर आणि सुटकेची निश्चिती नाही, अशी ती अवस्था होती. त्याच शहरात त्यांच्याच विद्यापीठाचे पदार्थविज्ञानाचे घोष प्राध्यापक देवेंद्रमोहन बसू हेही अडकून पडले होते.

तरीही बर्लिनमध्ये अॅडॉल्फ एंग्लर या विख्यात वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाताखाली आघारकरांनी आपला प्रबंध पुरा केला. तो १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. वायव्य हिंदुस्थानातील रुक्ष प्रदेशात आणि खाऱ्या जमिनीत वाढणाऱ्या वनस्पती मुळात कोठून आल्या, त्यांची बीजे वाऱ्याने, पाण्याने की प्राण्यांच्या अंगास चिकटून पसरली, हा त्याचा विषय. वनस्पतीस पाय नसतात, पण तिची बीजे प्रवास करतात. त्या प्रवासाचा माग काढणे म्हणजे एका अर्थी भूमीचा इतिहास वाचणेच होय.

कलकत्त्यास परतल्यावर त्यांनी वनस्पतिशास्त्र विभागाची धुरा १९४६ पर्यंत वाहिली. त्या काळी बंगालच्या नद्यांवर, खाड्यांवर व भातखाचरांवर एक नवे संकट पसरले होते. दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी आणलेली जलपर्णी, जिला बंगाली लोक कचुरीपाना म्हणतात, तिने पाण्याचा पृष्ठभाग झाकून टाकला होता. होड्या अडत, पाणी कुजे, मासळी मरे, शेतकऱ्याचे उभे भात दबून जाई. सरकारने १९२१ मध्ये जगदीशचंद्र बसू यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. १९३६ मध्ये तर तिच्या निर्मूलनासाठी कायदाच करावा लागला. आता, केवळ कायद्याने वनस्पती मरत नाही! ती वाढते कशी, हे आधी कळावे लागते. तिच्या बुंध्यातून आडवे धुमारे फुटून नवी रोपे होतात, हे डोळ्यांस दिसते. परंतु फुलांतून बीज धरते काय, आणि धरत असल्यास ते चिखलात किती काळ टिकते, यावर सारा उपाय अवलंबून असतो. कारण वरची वेल काढून तळे मोकळे केले तरी तळाशी पडलेले बी पुढे अनेक वर्षांनीही उगवते. आघारकर व त्यांचे सहकारी बॅनर्जी यांनी १९३०च्या सुमारास याच वनस्पतीच्या फुलातील परागांची व गर्भाची घडण सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यासली. ज्या प्रश्नाने बंगालचा नावाडी हवालदिल झाला होता, त्याचे एक टोक असे प्रयोगशाळेतील काचपट्टीवर तपासले जात होते.

निवृत्तीनंतर विश्रांती घ्यावी, असा लोकव्यवहार आहे. आघारकर मात्र १९४६ मध्ये पुण्यास आले आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे पहिले संचालक झाले. संस्थेस स्वतःची इमारत नव्हती. प्रारंभीची अनेक वर्षे विधी महाविद्यालयाच्या आवारातील जागेत तिचे काम चाले. कलकत्त्यातील सुसज्ज विभाग सोडून आलेल्या बासष्ट वर्षांच्या गृहस्थाने उसन्या खोल्यांतून पुन्हा आरंभ करावा, यातील कष्टांची कल्पना ज्याने गावात एखादी संस्था उभी केली असेल त्यासच येईल. तेथील वनस्पतिसंग्रहात पुढे हजारो वाळवलेले नमुने जमा झाले. अशा नमुन्यांवर स्थळ व तारीख लिहिलेली असते. त्यामुळे अमुक तळ्याच्या काठी अमुक वर्षी कोणती वनस्पती होती व आज ती तेथे उरली आहे की नाही, हे ताडून पाहता येते. आज पाणथळ जागांवर देखरेख ठेवणारे शास्त्रज्ञ हेच करतात. त्यांस जुनी नोंद हाती नसेल तर काय हरवले हेच कळत नाही.

२ सप्टेंबर १९६० रोजी, संचालकपदावर असतानाच, आघारकरांचे निधन झाले. संस्थेस त्यांचे नाव १९९२ मध्ये देण्यात आले. मूळ विज्ञानवर्धिनीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे, एमएसीएस, संस्थेने तयार केलेल्या गव्हाच्या व सोयाबीनच्या वाणांना लावलेली असतात. बीदर जिल्ह्यात सोयाबीनचा पेरा मोठा आहे. ज्यांच्या घरी शेती आहे त्या विद्यार्थ्यांनी मृगाच्या पेरणीपूर्वी बियाण्याच्या पिशवीवरील वाणाचे नाव अवश्य वाचून पाहावे.