दादासाहेब गायकवाड

मुलांनो, उर्दूत आपण ज्यांना उस्ताद म्हणतो, तसे डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे दादासाहेब गायकवाडांचे गुरू होते, मित्रही होते. दादासाहेबांचा जन्म १९०२ साली नाशिक जिल्ह्यात झाला. अस्पृश्य मानलेल्या लोकांना नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा, म्हणून १९३० साली बाबासाहेबांनी सत्याग्रह सुरू केला. नाशिकचे काम दादासाहेब सांभाळत. बाबासाहेब त्यांना पत्रांतून सल्ला देत. १९३४ साली त्यांनी लिहिले, की आता मंदिराऐवजी शिक्षणाकडे व राजकारणाकडे लक्ष द्यावे. दादासाहेबांनी ती पत्रे जपून ठेवली.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब वारले. दादासाहेब पोरके झाले. पण रडत घरी बसले नाहीत. १९५९ साली त्यांनी भूमिहीनांसाठी सत्याग्रह केला. हजारो लोक तुरुंगात गेले. १९७१ साली दादासाहेब वारले. त्यांनी जपलेली पत्रे आज तुम्हांला पुस्तकात वाचायला मिळतात.