ठेकेदार जोतीराव

महात्मा जोतीराव फुले म्हटले की १८४८ सालची पुण्यातील मुलींची शाळा आठवते. मात्र ते सरकारी बांधकामांचे ठेके घेत, हे आम्ही शिक्षकही वर्गात सांगायचे विसरतो.

खडकवासल्याचे धरण बांधले जात होते, तेव्हा जोतीरावांनी तेथे दगड पुरवण्याचा ठेका घेतला. येरवड्याच्या पुलाच्या कामातही ते होते. या कामांवर त्यांना मजुरांचे हाल आणि इंजिनिअर खात्यातील लबाडी जवळून दिसली. गोरा साहेब वर, कारभार खालच्या कामगारांच्या हाती! अशा वेळी गप्प बसणाऱ्या ठेकेदाराचेच बिल लवकर निघते, हे पालकांना वेगळे सांगायला नको. जोतीराव गप्प बसले नाहीत. १८७३ च्या 'गुलामगिरी'त त्यांनी या खात्यातील डावपेचांवर चक्क पवाडा लिहिला. पुढे 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये माती व पाणी अडवणाऱ्या बांधांविषयीही लिहिले.

१८८८ साली पक्षाघाताने उजवा हात गेला, तेव्हा ते डाव्या हाताने लिहू लागले. घरात पैशाची ओढाताण होती. अखेर १८९० मध्ये मामा परमानंदांनी त्यांच्या मदतीसाठी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना पत्र लिहिले. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला जोतीराव गेले.