मेघनाद साहा

या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी मला एका शास्त्रज्ञाची माहिती लिहायला सांगितली. मी मेघनाद साहा निवडले, कारण ते आपल्यासारखेच खेड्यातले.

त्यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८९३ रोजी ढाक्याजवळच्या एका खेड्यात झाला. ते आता बांगलादेशात आहे. वडिलांचं छोटंसं किराणा दुकान, घरात आठ भावंडं. गावात शाळा होती ती प्राथमिक. पुढची शाळा दहा किलोमीटरवर. पोरानं दुकानात बसावं असं वडिलांना वाटे. पण थोरल्या भावानं खटपट केली आणि शाळेच्या गावच्या डॉक्टर अनंतकुमार दास यांनी मेघनादला घरी ठेवून घेतलं. गाईचं बघायचं आणि आपलं ताट आपण घासायचं, ही अट. ताटाची अट जातीमुळं होती. मला ते वाचून राग आला. पुढं कलकत्त्याच्या वसतिगृहातही काही मुलं त्यांच्या पंगतीला बसत नसत.

१९१५ साली ते गणितात एम. एस्सी. झाले. १९१६ साली कलकत्ता विद्यापीठात नोकरी लागली, पण थोड्याच दिवसांत शिकवायला मिळालं पदार्थविज्ञान! तो विषय ते बी. एस्सी.पर्यंतच शिकलेले. मग आधी स्वतः शिकायचं आणि नंतर वर्गात शिकवायचं. ताऱ्यांची गोडी मात्र ॲग्नेस क्लार्क या बाईंच्या पुस्तकांनी लावली.

आता मुख्य गोष्ट. सूर्यप्रकाशाचे सात रंग चांगल्या यंत्रातून पाहिले की त्यांत बारीक काळ्या रेघा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या असतात. पण एका ताऱ्यात दिसणाऱ्या रेघा दुसऱ्यात दिसत नसत. असं का? साहांनी १९२० साली त्याचा हिशेब मांडला. उष्णता फार असली आणि दाब कमी असला की अणूतून इलेक्ट्रॉन सुटतो आणि रेघा बदलतात. म्हणजे द्रव्य असतंच, फक्त ओळखू येत नाही! या समीकरणामुळं रेघांवरून ताऱ्याचं तापमान काढता येऊ लागलं. ते वापरून १९२५ साली अमेरिकेत सिसिलिया पेन यांना ताऱ्यांत हायड्रोजनच सर्वांत जास्त असल्याचं आढळलं. समीकरण मला अजून कळत नाही, ते कॉलेजात शिकवतात.

साहा १९५२ साली लोकसभेवर निवडून आले. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत वारले.

आमचं हायस्कूलही दुसऱ्या गावाला आहे. माझ्या शेजारी बसणारीला सातवीनंतर पाठवायचं की नाही, हे तिच्या घरी अजून ठरलेलं नाही. तिचे वडील शनिवारी शाळेत येणार आहेत, म्हणून थोरल्या भावाची ओळ मी मोठ्या अक्षरात काढलीय.