सेल्मा फ्रायबर्ग: आई-बाळाच्या नात्यावर उपचार

बाळ रडते, पण त्याला जवळ घ्यावेसे वाटत नाही, असे तुम्हाला होते का? मग सेल्मा फ्रायबर्ग यांच्याविषयी वाचा. १९१८ साली अमेरिकेतील डेट्रॉईट येथे जन्मलेल्या सेल्मा समाजकार्यकर्त्या व मनोविश्लेषक होत्या. अंध बाळ नजरेला नजर देत नाही, म्हणून आया खचून जात. सेल्मांनी त्यांना बाळाच्या हातांची भाषा ओळखायला शिकवले. पुढे मिशिगनमध्ये त्यांचे सहकारी घरी जाऊन, प्रसंगी स्वयंपाकघरात बसून, आई व बाळावर एकत्र उपचार करत. आईचे स्वतःचे बालपणीचे दुःख कोणी ऐकून घेतले, की तिला बाळाचे रडणे ऐकू येऊ लागते, हे त्यांनी १९७५ मध्ये मांडले. १९८१ मध्ये त्यांचे निधन झाले. तुम्हीही संकोच न करता डॉक्टरांशी बोला. यात तुमचा दोष नाही.